साडेतीनशे मैलांची मोटार

हैदराबादेस जाणारे बहुतेक लोक चारमिनार पाहतात, बिर्याणी खातात आणि बांगड्या घेऊन परततात. आम्ही गेलो ते मोटारी पाहावयास. निमित्त झाले आमच्या मामांचे. खानापूर तालुक्यातील आपल्या गावी मामांनी पस्तीस वर्षे भाड्याची मोटार चालविली. १९७१ सालची ती अँबॅसिडर आता गोठ्याशेजारच्या छपरीत उभी आहे. ती भंगारात द्यावी, म्हणजे भाताची पोती ठेवावयास जागा होईल, असे मुलांचे म्हणणे. मामा त्यावर होही म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. “हैदराबादेत जुन्या मोटारी जपून ठेवल्या आहेत म्हणतात. त्या एकदा डोळ्यांनी बघतो, मग सांगतो,” एवढेच ते बोलले. तेव्हा मामा, त्यांचा बारा वर्षांचा नातू आणि आम्ही असे तिघे निघालो.

नातवाला मोटारी टिपण्याचा मोठा नाद. कोठे जुनी किंवा वेगळ्या घडणीची गाडी दिसली की तिचे नाव, रंग आणि ठिकाण तो वहीत लिहून ठेवतो. जुन्या शहराच्या गल्ल्यांतून जाताना त्याची नजर भिरभिरत होती. मामांचे मात्र डोळे मिटलेले. एकाएकी ते म्हणाले, “मागून पद्मिनी येते आहे बघ.” मुलाने वळून पाहिले, तो खरोखरीच कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली एक पद्मिनी धापा टाकीत येत होती! नातू डोळ्यांनी टिपतो आणि आजोबा कानांनी, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

चौमहल्ला राजवाडा चारमिनारपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. निजामांच्या या वाड्याची चांगली डागडुजी झाली असून त्या कामास २०१० साली युनेस्कोचा पुरस्कारही लाभला. दरबारातील झुंबरे पाहून लोक थबकतात. आमच्या मंडळींनी मात्र थेट मोटारींचे दालन गाठले. तेथील मानकरी म्हणजे १९१२ सालची रोल्स-रॉईस ‘सिल्व्हर घोस्ट’. सहावे निजाम महबूब अली खान यांनी ती मागविली. परंतु १९११ साली ते निवर्तले आणि गाडी आली ती त्यांचे पुत्र उस्मान अली खान यांच्या कारकीर्दीत. रंग पिवळाधमक. मागील आसन साधे नव्हे, तर उंच बांधलेले सिंहासनच, आणि त्यावर घुमटाकार छत. मिरवणुकीत प्रजेला राजा दिसावा म्हणून केलेली ही योजना. लंडनच्या बार्कर या नामांकित कारागिरांनी तिचा सांगाडा चढविला.

मामा काचेजवळ वाकून बराच वेळ चाके न्याहाळीत राहिले. मग त्यांनी विचारले, “ही धावली किती?” ही मोटार उण्यापुऱ्या साडेतीनशे मैलांपलीकडे धावली नाही, असे तिच्याविषयी सांगतात. आम्ही तसे सांगताच मामा हसले. “म्हणजे आमच्या गावाहून बेळगावच्या सातआठ खेपा!” त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. कामावाचून उभ्या राहिलेल्या बैलाकडे पाहून शेतकऱ्याला वाटावे, तसे काही त्यांना वाटले असावे.

तेथून आम्ही बहादूरपुऱ्यास, प्राणिसंग्रहालयाजवळील सुधा कार संग्रहालयात गेलो. येथे सारा मामलाच निराळा! के. सुधाकर या हैदराबादच्याच गृहस्थांनी भंगारातले लोखंड जमवून आपल्या कल्पनेने गाड्या घडविल्या आणि २०१० साली हे संग्रहालय उघडले. बुटाच्या आकाराची गाडी, क्रिकेटच्या बॅटीची गाडी, संगणकाची गाडी, वांग्याचीसुद्धा गाडी! त्यांनी बनविलेली तीनचाकी सायकल तर ४१ फूट ७ इंच उंच आहे. १ जुलै २००५ रोजी ती हैदराबादेत चालविली गेली आणि गिनेसच्या पुस्तकात तिची नोंद झाली. नातवाची पेन्सिल थांबेना. मामा मात्र जोड कोठे दिला आहे, हे पाहत होते. “भंगार म्हणून कोणीतरी टाकलेलेच हे,” ते हळूच म्हणाले. “हात लावणारा भेटला, म्हणून उभे राहिले.”

संध्याकाळी चहा घेताना नातवाने मनातली गोष्ट काढली. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे उलटून गेलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापरास किंवा भाड्यास लावता येत नाही. प्रदर्शनास मात्र नेता येते. “आजोबा, आपली तर पन्नास वर्षांच्या वरची आहे!”

मामांनी कप खाली ठेवला. तो नियम आम्हीही वाचला होता आणि त्यातील अट आम्हांस ठाऊक होती. गाडी मूळ स्वरूपात हवी. सांगाडा व इंजिन यांत फेरफार झालेला नसावा. मामांनी तर पेट्रोल परवडेना म्हणून फार पूर्वीच तिचे इंजिन काढून दुसऱ्या बनावटीचे डिझेल इंजिन बसविलेले! त्या इंजिनावर तीन मुलांची शिक्षणे झाली. बाळंतिणी रातोरात दवाखान्यात पोहोचल्या, नवऱ्या सासरी गेल्या, पावसाळ्यात फादर दूरच्या वस्तीवर मिस्सेला गेले. मैलांचा आकडा कितीदा शून्यावर येऊन पुन्हा पुढे सरकला, याची गणती नाही. जी धावली नाही ती जशीच्या तशी राहिली आणि मान पावली. जी धावली तिला बदलावे लागले, म्हणून ती मानास मुकली. कायदा करणाऱ्यांचा यात दोष नाही. जुनी वस्तू जुन्याच रूपात राहावी, हे योग्यच होय. तथापि त्या घटकेस आम्हांस मुलाकडे पाहवेना.

मामाच बोलले, “अरे, तिला क्रमांक एकदा मिळालेला आहे. दुसरा कशाला?”

घरी परतल्यावर मुले निकालाची वाट पाहतच होती. मामांनी छपरीचे दार उघडले, गाडीची मागची दोन्ही दारे सताड उघडली आणि सांगितले, “भंगारात द्यावयाची नाही. पोती हिच्यातच रचा. ओझ्याची हिला सवय आहे.”

मुले प्रथम गोंधळली, मग हसली आणि पोती उचलू लागली. नातू वही घेऊन बाजूस बसला. हैदराबादच्या साऱ्या गाड्यांच्या खाली त्याने लिहिले: अँबॅसिडर, १९७१, पांढरी, आमची छपरी. आणि पुढे, भात अकरा पोती.