राजाच्या वाड्यातून: सान्तो दोमिंगोची पत्रे

सान्तो दोमिंगो, मंगळवार

ती. आई-आप्पांस,
सा. न. वि. वि.

ओझामा नदीच्या काठी, काये लास दामास या फरसबंदी रस्त्यावर दोन दगडी वाडे एकमेकांना लागून उभे आहेत. सोळाव्या शतकाच्या आरंभी ते स्पेनच्या राजासाठी बांधले गेले. एकात गव्हर्नर राहत असे, तर दुसऱ्यात न्यायालय आणि खजिन्याची कचेरी होती. कोलंबस १४९२ मध्ये या बेटावर उतरला. त्याचा भाऊ बार्तोलोमे याने १४९६ मध्ये नदीच्या पूर्व तीरावर शहर वसवले. १५०२ च्या वादळात ते उद्ध्वस्त झाले, तेव्हा निकोलास दे ओव्हान्दोने ते पश्चिम तीरावर हलवले. मेक्सिको आणि पेरू स्पॅनिशांच्या हाती पडण्याच्या कितीतरी आधीपासून राजाचा दर्यापारचा कारभार इथून चालत होता. आज या वाड्यांत ‘कासास रेआलेस’ हे संग्रहालय आहे.

कोलंबसाच्या जहाजांच्या प्रतिकृती आणि सफरींचे नकाशे पाहणारा पुढे येतो आणि रेंगाळतो तो बुडालेल्या गलबतांच्या ऐवजापाशी. ‘कॉन्सेप्सिऑन’ हे गलबत १६४१ मध्ये मेक्सिकोची चांदी घेऊन स्पेनला निघाले आणि या बेटाच्या उत्तरेला खडकांवर फुटले. १६८७ मध्ये विल्यम फिप्सने पाणबुडे उतरवून त्यातली टनावारी चांदी काढली. १९७८ मध्ये ते पुन्हा सापडले, तेव्हा नाण्यांच्या जोडीला चिनी मातीची भांडीही वर आली. चीनमधून मनिला, तिथून प्रशांत महासागर ओलांडून आकापुल्को, पुढे खेचरांच्या पाठीवरून व्हेराक्रुझ आणि मग हे गलबत, असा त्या नाजूक भांड्यांचा प्रवास.

उलट दिशेने काय जात होते? पारा. १७२४ मध्ये ‘ग्वादालूपे’ आणि ‘तोलोसा’ ही जहाजे मेक्सिकोच्या खाणींसाठी पारा नेताना सामाना उपसागराजवळ वादळात बुडाली. खनिजातून चांदी वेगळी काढायला तो लागे. या दोन खेपा एकत्र पाहिल्या की साम्राज्याचा जमाखर्च समजतो.

सान्तो दोमिंगो, गुरुवार

ती. आई-आप्पांस,
सा. न. वि. वि.

आज न्यायालयाच्या दालनाविषयी. १५११ मध्ये राजाने या शहरासाठी ‘रेआल ऑदियेन्सिया’ मंजूर केली. अमेरिकेतले हे पहिले वरिष्ठ न्यायालय. त्याच वर्षी २१ डिसेंबरच्या रविवारी, खुद्द गव्हर्नर दिएगो कोलोन, म्हणजे कोलंबसाचा मुलगा, समोर बसलेला असताना आंतोनिओ दे मोन्तेसिनोस या डॉमिनिकन साधूने धर्मपीठावरून सवाल केला: या बेटावरच्या मूळ रहिवाशांना, तैनो लोकांना, असे राबवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? ती माणसे नाहीत का? शब्द मागे घे म्हणून दबाव आला. पुढच्या रविवारी त्याने तेच पुन्हा ठणकावून सांगितले.

तैनो शेतकरी होते. ज्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो, त्याच कंदाची ‘कासाबे’ ही त्यांची भाकरी. तीच पुढे स्पॅनिश जहाजांची शिदोरी झाली. कोलंबस आला तेव्हा ते किती होते याचे अंदाज एक लाखापासून दहा लाखांच्याही पुढे जातात. १५१४ मध्ये त्यांना मालकांत वाटून देण्यासाठी मोजले, तेव्हा सुमारे २६ हजार भरले. सोन्याच्या खाणींतली सक्ती, उपासमार आणि १५१८ च्या अखेरीस आलेली देवी यांनी हा समाज मोडला. १५१२ चे बुर्गोसचे कायदे मोन्तेसिनोसच्या प्रवचनाचेच फळ, पण त्यांनीही वेठ उठवली नाही, तिला नियम घालून दिले.

मग ऊस आला आणि त्याच्यासाठी आफ्रिकेतून गुलाम. १५२१ च्या नाताळात दिएगो कोलोनच्याच मळ्यावरचे गुलाम बंड करून उठले. त्यांतले बरेच वोलोफ जमातीचे होते. बंड चिरडले गेले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, ६ जानेवारी १५२२ रोजी, दिएगो कोलोनने गुलामांना जखडणारे नियम जारी केले. अमेरिका खंडातले आज उपलब्ध असलेले असे हे सर्वांत जुने नियम आहेत.

नेमकी हीच माणसे या दालनांत कमी दिसतात. राजाच्या माणसांच्या तलवारी, मोहरा, खुर्च्या टिकल्या. राबणाऱ्यांचे फारसे काही उरले नाही, म्हणून त्यांच्यासाठी इथे मोठी, ठळक जागा हवी होती. ती नाही, आणि एवढ्या मोलाच्या संग्रहालयातली ही मोठी उणीव आहे. इथे येणाऱ्याने त्यामुळे वाड्यांवरच थांबू नये, समुद्रकाठच्या रस्त्यावर मोन्तेसिनोसचा प्रचंड पुतळा आहे, तोही पाहावा. १९८२ मध्ये उभा राहिलेला हा पुतळा मेक्सिकोची भेट आहे.

 अमेरिका खंडातले आज उपलब्ध असलेले असे हे सर्वांत जुने नियम आहेत.

कळावे.