हरणाऱ्याचा डबा

नाशिक, रविवार रात्र.

आज पुतण्याने मोबाइलवर बुद्धिबळाचं अ‍ॅप टाकून दिलं. "काका, प्यादं बोटाने ओढा, नुसतं दाबू नका," हे दोनदा सांगितलं. तरी पहिल्याच डावात वजीर गेला.

एप्रिल २०२० आठवला. सगळे घरात कोंडलेले. तेव्हा विश्वनाथन आनंदसह आपला विदित गुजराथी आणि इतर चार बुद्धिबळपटू ऑनलाइन खेळले, कोरोना मदतीसाठी साडेचार लाख रुपये जमवले. ऑगस्टमध्ये विदितच्या कप्तानीत भारताने ऑनलाइन ऑलिंपियाडचं सुवर्ण रशियासोबत वाटून घेतलं.

त्या मदतीवरून सुचलं: पुढच्या रविवारपासून शेजारच्या अण्णांनाही खेळायला बोलावतोय. त्यांना अ‍ॅप मी शिकवणार. हरेल त्याने डब्यात दहा रुपये टाकायचे. डबा भरला की गल्लीतल्या पोरांसाठी पट-सोंगट्या.

माझे दहा आजच पडले.