आरसा फुटला तर किती दिनार?



कुवेतमध्ये शुक्रवार हा सुट्टीचा वार. हवल्ली प्रांतातील सलवा या समुद्राजवळच्या वस्तीत आमचे बिऱ्हाड आहे आणि महिन्यातून एका शुक्रवारी आसपासची पाच-सहा कुटुंबे आमच्या घरी वंदनेसाठी जमतात. गेल्या वर्षीच्या अशाच एका शुक्रवारी पहाटे फुले आणण्यासाठी आम्ही खाली उतरलो. आदल्या रात्री तोज येऊन गेले होते. वाळूहूनही बारीक अशा धुळीच्या वादळाला येथे तोज म्हणतात. इमारतीखालच्या सगळ्या मोटारी एकाच मातकट रंगाच्या झाल्या होत्या आणि बादली-फडके घेऊन एक माणूस त्या एकेक करून पुसत होता. सलव्यात हे दृश्य रोजचे आहे. आमचे लक्ष गेले ते त्याच्या पायांतल्या पिवळ्या रबरी बुटांकडे. उजव्या बुटाला सायकलच्या ट्यूबचे ठिगळ होते. ते ठिगळ आम्ही आमच्या यार्डात पाहिले होते.

आम्ही एका वाहतूक कंपनीत नोकरीला आहोत. शाळांच्या आणि कामगारांच्या मिळून नव्वद बसची व्यवस्था आमच्याकडे आहे. त्या बस रात्री यार्डातच धुऊन देण्याचे कंत्राट वर्षभरासाठी एका ठेकेदाराला दिलेले होते. त्याची माणसे पाण्याचा टँकर आणि प्रेशरचा पंप घेऊन येत, आणि पहाटे बस बाहेर पडत तेव्हा त्या लख्ख असत. ते कंत्राट आम्हीच लिहिले होते. सर्वांत कमी दराची निविदा आम्हीच निवडली होती आणि त्याबद्दल वरिष्ठांची शाबासकीही घेतली होती.

“भाऊ, आज तर तुमची सुट्टी ना?” आम्ही विचारले. तो दचकला. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याचा माणूस, वय पंचेचाळिशीच्या पुढचे. मोडक्यातोडक्या हिंदीत तो म्हणाला, “साहेब, कोणाला सांगू नका. दोन महिने पगार नाही. घरी पाठवायला काहीतरी पाहिजे.” आम्ही कामाचे तास विचारले. संध्याकाळी पाच ते पहाटे पाच, आठवड्यातून सहा रात्री. पासपोर्ट ठेकेदाराकडे. एवढे सांगून तो पुन्हा काच पुसू लागला. हाताच्या भेगांत साबण जाऊन बोटे पांढरी पडली होती.

त्या दिवशी वंदनेनंतर एका भगिनीने सिगालोवाद सुत्तातील भाग वाचला. राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना नमस्कार करीत होता. भगवंतांनी त्याला त्या दिशांचा अर्थ उलगडून सांगितला. पूर्व म्हणजे आई-वडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, असे करीत ते खालच्या दिशेपाशी येतात. खालची दिशा म्हणजे सेवक आणि कामगार. त्यांच्याप्रती गृहस्थाची कर्तव्ये पाच : शक्ती पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, चांगले पदार्थ वाटून खावेत आणि वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. हे सुत्त आम्ही कित्येकदा ऐकले आहे. त्या दिवशी मात्र खालची दिशा म्हणजे आमच्याच इमारतीचे वाहनतळ होते, आणि पाचांपैकी एकही कर्तव्य पाळले गेलेले नव्हते.

रात्री आम्ही आमचेच कंत्राट पुन्हा उघडले. चौदा पानांचा दस्तऐवज. बसचा आरसा फुटला तर किती दिनार कापायचे, हे त्यात होते. रंगावर ओरखडा उठला तर किती, बस धुवायची राहिली तर किती, टँकर उशिरा आला तर किती, तेही होते. धुणारा माणूस ओल्या छतावरून पडला तर काय, याबद्दल एक ओळ नव्हती. आणि कामांच्या यादीच्या शेवटी एक कलम होते : “व्यवस्थापन वेळोवेळी सांगेल ती इतर सर्व कामे.”

या कलमापाशी आम्ही थबकलो, कारण ते आमच्या ओळखीचे होते. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी आजोबांनी येसकरकी केली. हाती घुंगरांची काठी घेऊन गावाची राखण, सरकारी टपाल पोहोचवणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, मयताचा सांगावा नेणे, लाकडे फोडणे, मेलेले ढोर ओढणे आणि शिवाय पाटील सांगेल ते. कामाला अंत नव्हता. मोबदला म्हणजे तुटपुंजी वतनी जमीन आणि बलुते, आणि तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात १८७४च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महार वतनदाराला कामाचे तास ठरलेले नाहीत, तो हजर नसेल तर घरच्या दुसऱ्या माणसाला राबवले जाते आणि मोबदल्याची शाश्वती नाही, या गोष्टी त्यांनी सभागृहापुढे ठेवल्या. ते विधेयक तडीस गेले नाही. वतने कायद्याने संपण्यास १९५८ साल उजाडावे लागले. पण बाबासाहेबांनी नेमके काय दाखवून दिले, हे आम्हाला त्या रात्री नीट कळले. काम किती, वेळ किती, मोबदला किती, हे तीन आकडे जेथे लिहिलेले नसतात तेथे वेठ असते, मग कागद कितीही गुळगुळीत असो. वतनदाराच्या नातवाने कुवेतमध्ये बसून संगणकावर तेच कलम टंकले होते.

मग आम्ही निविदेचे गणित मांडले. ते आधीच मांडायला हवे होते. नव्वद बस एकाआड एक रात्री धुवायच्या, म्हणजे रात्रीला पंचेचाळीस. बाहेरून धुणे, काचा, आतला झाडू आणि पुसणे यांना दोन माणसांना एका बसमागे अर्धा तास लागतो. आठ तासांच्या पाळीतून विश्रांतीचा एक तास वगळला तर एका जोडीच्या चौदा बस होतात. पंचेचाळीस बसना तीन जोड्या पुरत नाहीत. चार लागतात, म्हणजे आठ माणसे. ज्या निविदेवर आम्ही सही केली तिच्यात टँकरचा चालक सोडून चार माणसे दाखवली होती. दोन जोड्या, प्रत्येकीला बावीस-तेवीस बस, म्हणजे विश्रांतीविना अकरा तासांहून अधिक. दर कमी होता तो या चार न नेमलेल्या माणसांमुळे.

येथे आमच्या अज्ञानाची सबब टिकत नाही. बस मळलेल्या राहिल्या असत्या तर ठेकेदार कामचुकार आहे, असे म्हणता आले असते. बस रोज स्वच्छ होत्या. चार माणसांत पंचेचाळीस बस लख्ख निघत होत्या, आणि त्या लखलखाटाकडे पाहून आम्ही समाधानाने सही करीत होतो. तोच खरा पुरावा होता. तो आम्हाला वाचता आला नाही.

कुवेतचा कायदा या बाबतीत मुका नाही. खाजगी क्षेत्राचा २०१० सालचा कामगार कायदा दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालतो आणि जादा तासांना २५ टक्के अधिक वेतन सांगतो. आमचा तो भाऊ आठवड्याला ७२ तास यार्डात होता. मालकाने पासपोर्ट अडकवून ठेवण्यास येथे मनाई आहे. जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करून घेता येत नाही. आठवड्याच्या ४८ तासांचा हा आकडा आपल्यालाही नवा नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कारखाने कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने १९४६ साली भारतातही आठवड्याची मर्यादा ४८ तासांवर आणली. कायदा होता, पण तो आमच्या चौदा पानांत आलेला नव्हता.

कंत्राट संपायला चार महिने होते. तेवढ्या अवधीत आम्ही नवा मसुदा तयार केला. येथील बंधू-भगिनींपैकी अनेकजण अशाच कामांत आहेत, म्हणून त्यातील मुख्य गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, कामांची यादी बंद केली. पूर्ण धुलाई म्हणजे काय आणि साधी पुसणी म्हणजे काय, हे लिहिले. “इतर कामे” काढून टाकली. यादीबाहेरचे काम हवे असेल तर त्याचा वेगळा दर आणि वेगळी लेखी मागणी. दुसरी, प्रत्येक रात्री किमान आठ माणसे आणि आठ तास, हजेरीपत्रकासह. ठेकेदाराने दर सांगताना किती माणसे, किती मिनिटे, किती वेतन, हे सुटे करून दाखवायचे. तिसरी, मागील महिन्याचे वेतन बँकेत जमा झाल्याचा कागद जोडल्याखेरीज चालू महिन्याचे बिल मंजूर करायचे नाही. आमच्या मते सर्वांत उपयोगी कलम हेच. चौथी, बूट, हातमोजे, चष्मा आणि प्यायचे थंड पाणी ठेकेदाराने द्यायचे. छत धुताना शिडीवर एक आणि खाली एक माणूस असलाच पाहिजे. अपघात झाल्यास उपचाराची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी लिहायचे. पाचवी, रसायनांची. चाकांच्या तबकड्यांसाठी वापरले जाणारे आम्लाचे द्रावण बंद केले आणि सौम्य शाम्पू ठरवला. डब्यावरची सूचना अरबी आणि इंग्रजीत, वाचणारा तेलुगू. मग भेगांत आम्ल गेले तर दोष कोणाचा?

पाण्याचाही विचार करावा लागला. या देशात एकही बारमाही नदी नाही. तेलाच्या आधीच्या काळात पिण्याचे पाणी शत्त-अल-अरबहून गलबतांतून आणले जाई. समुद्राचे पाणी गोडे करणारा पहिला मोठा प्रकल्प १९५३ साली सुरू झाला. आजही नळाला येते ते मुख्यतः असे इंधन जाळून गोडे केलेले पाणी. प्रेशरच्या पंपातून मिनिटाला दहा-पंधरा लिटर जाते, आणि दहा मिनिटांत शंभर ते दीडशे लिटर. तोजनंतर मात्र आधी पाणी मारावेच लागते, कोरडे पुसले तर धूळ रंगावर कानशीसारखी चालते. म्हणून तोजच्या दिवसांसाठी वेगळा दर ठेवला आणि एरवी दोन पूर्ण धुलायांपैकी एकीच्या जागी ओल्या फडक्याची पुसणी ठेवली. पाणी वाचले, रात्रीचे ओझे कमी झाले आणि वाढलेल्या दराचा काही भाग तेथेच भरून निघाला.

बैठकीत हे मांडताना आमचा आवाज कापत होता, हे लपवीत नाही. आमचा इकामाही याच कंपनीच्या हाती आहे आणि मुलांच्या शाळा येथेच आहेत. “धुणाऱ्यांची चिंता ठेकेदाराने करावी, आपण कशाला?” असे विचारले गेले. आम्ही गणिताचा कागद पुढे केला. दमलेल्या माणसाच्या हातून आरसे फुटतात, ब्रेकच्या नळ्यांवर जोराचे पाणी मारले जाते, आणि त्या बसमध्ये सकाळी मुले बसतात, हेही सांगितले. नैतिकतेपेक्षा हा मुद्दा लवकर पटला. जवळजवळ सर्व कलमे मंजूर झाली. पासपोर्टचे स्वतंत्र कलम मात्र “तो त्यांचा अंतर्गत मामला” म्हणून वगळले गेले. कुवेतच्या कायद्याचे पालन करावे, एवढी एक ओळ आम्ही कशीबशी राखली.

नवे कंत्राट दुसऱ्या ठेकेदाराला गेले. आता रात्री आठजण येतात आणि पहाटे चारला घरी जातात. ही आनंदाची गोष्ट येथे संपली असती. पण पिवळ्या बुटांचा तो भाऊ त्या आठांत नाही. त्याचा इकामा जुन्या ठेकेदाराच्या नावावर होता. ठेका गेला तशी त्याची बदली दुसऱ्या कुठल्या यार्डात झाली. नव्या ठेकेदाराकडे त्याला घेता येईल का, हे आम्ही विचारले, पण जुन्याने सोडपत्र दिले नाही. त्याच्या कष्टांनी आमचे डोळे उघडले, आणि उघडल्या डोळ्यांचा लाभ दुसऱ्यांना झाला. त्याचे दोन महिन्यांचे वेतन मिळाले की नाही, हे आम्हाला ठाऊक नाही. शुक्रवारी पहाटे आम्ही अजून खिडकीतून खाली पाहतो. बादली घेतलेले माणूस वेगळे असते.

आपल्या आजोबा-पणजोबांनी कागदाची दुसरी बाजू पाहिली. त्यांना अंगठा उठवायला सांगितले जाई, मजकूर वाचून दाखवला जात नसे. बाबासाहेबांमुळे आपण शिकलो, परदेशी आलो, आणि आता आपल्यापैकी कित्येकजण सही करणाऱ्यांच्या बाजूला बसतात. सफाई, वाहतूक, स्वयंपाक, पहारा अशा कोणत्या ना कोणत्या ठेक्याचा कागद आपल्या टेबलावर येतोच. त्या वेळी सर्वांत कमी आकड्याखाली सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे : माणसे किती, तास किती, वेतन कधी, आणि माणूस पडला तर काय? उत्तर कागदावर नसेल तर ते लिहून घ्यावे. आम्ही हे एक वर्ष उशिरा केले. आपण वेळेत करावे, म्हणून हे लिहिले.

जयभीम! नमो बुद्धाय!