ठरलेली तारीख, न ठरलेली घटका

दिनदर्शिकेवर माणसाचा मोठा विश्वास असतो. लग्नाची तारीख, घरभरणीची तारीख आणि आता वैद्यकशास्त्राच्या प्रगतीमुळे बाळाच्या जन्माचीही तारीख तो आधी ठरवून ठेवू शकतो. ठरवून केलेले सिझेरियन म्हणजे अनिश्चिततेवर मिळवलेला विजय, असे पुष्कळांना वाटते. परंतु गर्भारपणातील एक साधी तपासणी या विश्वासाला हळूच प्रश्न विचारते. तिची ओळख मला आमच्या धर्मग्रामातील एका मातेमुळे झाली.

या मातेची मुलगी अमेरिकेत, न्यू जर्सीला असते. तिचे पहिले बाळंतपण सिझेरियनने झालेले, दुसरेही तसेच ठरलेले. एकोणचाळिसाव्या आठवड्यातील दिवसही मुक्रर झाला होता. असे असूनही सदतिसाव्या आठवड्यात डॉक्टरांनी योनिमार्ग व गुदद्वार या भागांतून कापसाच्या काडीने नमुना घेतला, आणि अहवालात जंतू निघाले. माऊली माझ्यासमोर बसली ती मान खाली घालूनच. ‘‘फादर, बाळ पोटातून काढणार, मग तिथली तपासणी कशाला? आणि माझी पोर एवढी टापटिपीची, तिच्या अंगात जंतू आले कुठून? सासरी कळले तर काय म्हणतील?’’

पहिला प्रश्न वैद्यकाचा होता, दुसरा लाजेचा. दुसरा अधिक जड होता, हे तिच्या आवाजावरून समजले. पहिल्याचे उत्तर मी एका परिचित स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींकडून समजून घेतले आणि मग पुस्तकेही चाळली.

या जंतूला ‘ब गटाचा स्ट्रेप्टोकॉकस’ म्हणतात. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील रिबेका लान्सफील्ड या संशोधक स्त्रीने १९३३ साली या कुळातील जंतूंची वर्णाक्षरांनुसार विभागणी केली, तिच्यातून हे नाव आले. त्यापूर्वी तो मुख्यतः गाईंच्या कासेच्या आजाराचे कारण म्हणून ठाऊक होता. त्याच्या शास्त्रीय नावातही ‘दूध आटवणारा’ असा अर्थ दडलेला आहे. पुढे कळून आले की सुमारे चार गर्भवतींपैकी एकीच्या आतड्यात किंवा योनिमार्गात तो सुखाने नांदत असतो. तिला ताप नाही, वेदना नाही, कसलीही जाणीव नाही. मात्र प्रसूतीच्या वेळी तो बाळापर्यंत पोचला, तर क्वचित बाळाच्या रक्तात, फुप्फुसांत किंवा मेंदूच्या आवरणात शिरतो. उपचार न घेतलेल्या अशा शंभर मातांपैकी एकीदोघींच्याच बाळांना ही बाधा होते, पण जिच्या बाळाला होते तिच्यासाठी तो आकडा शंभरातला राहत नाही.

उपाय सोपा आहे. प्रसूतिवेणा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन देतात, शक्यतो जन्माच्या निदान चार तास आधी. आधीच गोळ्या देऊन भागत नाही, कारण जंतू पुन्हा परततात. अमेरिकेत २००२ पासून सर्वच गर्भवतींची ही तपासणी करण्याची शिफारस आहे. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत तेथे हजार जन्मांमागे सुमारे १.८ बाळांना पहिल्या आठवड्यातच ही बाधा होत असे. २०१५ पर्यंत हे प्रमाण ०.२३ वर आले. सर्वच देशांनी हा मार्ग धरलेला नाही. सर्वांची तपासणी नको, हा सल्ला ब्रिटनने २०१७ साली कायम ठेवला, आणि आपल्याकडेही सरसकट तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम नाही.

आता त्या मातेचा प्रश्न. वेणा सुरू झालेल्या नाहीत आणि पाणमोट शाबूत आहे, अशा स्थितीत सिझेरियन झाले, तर अहवालात जंतू असूनही त्यासाठी पेनिसिलिन द्यावे लागत नाही. जखम पिकू नये म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी जे प्रतिजैविक देतात, ते निराळे. मग तपासणी कशासाठी? कारण छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यापासून ठरलेल्या दिवसापर्यंत दोनतीन आठवडे उरतात, आणि पाणमोट दिनदर्शिका वाचत नाही. एखाद्या मध्यरात्री ती फुटली, तर त्या घाईत नमुना पाठवून दोनतीन दिवस अहवालाची वाट पाहणे शक्य नसते. उत्तर आधीच हाताशी असावे लागते.

राहिली लाज. मी म्हणालो, ‘‘बाई, हा जंतू अस्वच्छतेने येत नाही आणि साबणाने जात नाही. तो चारित्र्याचा दाखला नव्हे आणि रोगही नव्हे. आतड्यात असे असंख्य जीव तुमच्या-माझ्याही अंगात आहेत. अंगात असणे वेगळे आणि अपराध असणे वेगळे.’’ सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना असे भेद आम्ही कोरडेपणाने पाठ केले होते. एका आईच्या खांद्यावरचे ओझे त्या भेदाने उतरताना मी प्रथमच पाहिले. तिने माझ्यासमोरच मुलीला फोन लावला आणि म्हणाली, ‘‘लपवू नको गं, जावईबापूंनाही सांग. रात्रीबेरात्री गाडी त्यांनाच काढायची आहे.’’

पुढे तारीख चुकली नाही. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी नात जन्मली. पेनिसिलिन लागलेच नाही. पेढे घेऊन आलेल्या आजीने हसत विचारले, ‘‘मग ती तपासणी फुकटच गेली म्हणायची?’’ मला तसे वाटत नाही. पावसाळ्यापूर्वी घर शाकारले आणि पाऊस बेताचा झाला, म्हणून कोणी कौलांना दोष देत नाही. ते दोनतीन आठवडे एक घर निर्धास्त झोपले, हेही त्या काडीचेच फळ होते.

वाचकहो, तुमच्या घरी अशी लेक-सून असेल, तर दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. अहवाल कोणताही असो, पेनिसिलिनचे वावडे असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे. आणि पाणमोट फुटली किंवा कळा सुरू झाल्या, तर ‘तारखेला अजून अवकाश आहे’ म्हणून घरी थांबू नये. तपासणीने पहिल्या आठवड्यानंतर होणारी बाधा टळत नाही. म्हणून घरी आणलेले तान्हे निपचित पडले, पिईनासे झाले वा तापले, तर वडीलधाऱ्यांच्या काढ्यापूर्वी डॉक्टर गाठावा. तारीख आपण ठरवावी, पण घटका आपल्या हाती नाही, हे जाणून सज्ज असावे.