फोटो धुण्याचे पाणी

फोटो घरी छापण्याची हौस पुण्या-मुंबईकडच्यांनी करावी. त्यांच्या नळाला धार असते. आम्हा रेणापूरकरांचे घोडे पाण्यापाशीच अडते. लाल दिव्याखाली कोऱ्या कागदावर चेहरा उमटतो, तो आनंद स्वस्तच. पण हायपो पुरता धुऊन निघाला नाही, तर तोच चेहरा पुढे पिवळा पडतो. २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आले, तेव्हा मी नुकत्याच गेलेल्या आईचा फोटो छापत होतो. धारेऐवजी ताटलीतले पाणी सहा वेळा बदलले. सौ. म्हणाली, "सासूबाईंनी जन्मभर घागरी वाहिल्या, त्यांच्यासाठी एक जाऊ द्या!" डिंकाचे डाग पडतात, म्हणून काळे कोपरे लावून फोटो पुठ्ठ्यावर बसवला. धाकट्या बहिणीने दुसरी प्रत मागितली. तिला पावसाळ्यापर्यंत थांबवले.