वाळलेल्या गवतावरचं ऊन

आर्थर स्ट्रीटन! इतकी वर्षं चित्रं बघतेय, आणि हे नाव कधी कानावरसुद्धा पडलं नव्हतं. कॅनबेराच्या नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियात एका दालनातून दुसऱ्या दालनात वळले आणि समोर लख्ख ऊन! 'गोल्डन समर, ईगलमाँट', १८८९, तैलरंग. कॅनव्हास जेमतेम दीड मीटर रुंद, पण नजर थेट क्षितिजापर्यंत जाते.

चित्रात आहे तरी काय? उताराचा माळ, मेंढ्या, त्यांच्यामागे एक पोरगा, आणि पार लांब डँडेनाँगचे निळे डोंगर. पण ते गवत! सगळं वाळलेलं, पिवळंधमक. दिवस कललाय, सावल्या लांबल्यात, आणि उरलेल्या उन्हात माळ नुसता पेटून उठलाय. मी पुढे होऊन सावलीच बघत बसले. तिच्यात काळा नाहीच, निळसर जांभळा आहे. म्हणून तर शेजारचा पिवळा इतका तळपतो! मेंढ्या म्हणजे जवळून रंगाचे चार ठिपके, आणि दोन पावलं मागे सरलं की त्या चालायला लागतात.

हे रंगवणारा पोरगा अवघा २१ वर्षांचा. लिथोग्राफीच्या छापखान्यात उमेदवारी करत संध्याकाळी चित्रकलेच्या वर्गाला गेलेला. मेलबर्नच्या वेशीवर ईगलमाँटच्या टेकडीवरच्या जुन्या घरात तो, टॉम रॉबर्ट्स आणि चार्ल्स काँडर राहायचे आणि उघड्यावर, उन्हात उभं राहून चित्रं काढायचे. १८९१मध्ये हे चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागलं, पुढच्या वर्षी पॅरिसच्या सालोंमध्ये त्याची सन्माननीय दखल घेतली गेली.

मला मात्र सगळ्यात भिडलं ते त्याचं धाडस. विलायतेतून आलेल्या कितीतरी चित्रकारांनी या भूमीवर तिकडची ओली हिरवाई चढवली होती. स्ट्रीटनने उन्हाळा होता तसा घेतला आणि त्यातच वैभव दाखवलं. मला सारखा आठवत होता माण-खटावचा फाल्गुनातला माळ: तेच गवत, तशीच मेंढरं, तसंच तिरपं ऊन. आणि आपण निसर्गचित्र म्हटलं की श्रावणच काढत बसतो!

त्या भागातलं कुणी चित्र काढणारं पोर हे वाचत असेल, तर त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे: पावसाची वाट बघू नकोस. मार्चमध्येच, उन्हं उतरताना, रंग घेऊन माळावर जा.