गुलशनाबादचा गुलाब

मुघलांनी नाशिकला गुलशनाबाद म्हटलं, फुलबागांचं गाव. पेशवाईत जुनं नाव परतलं, पण गुलाब काही गेला नाही. दिंडोरी तालुक्यात मोहाडी-जानोरीकडे वळलं की शिवारात पॉलिहाऊसची पांढरी छपरं दिसू लागतात, आणि आत लांब दांडीचा डच गुलाब ओळीनं उभा असतो. थंडीत छाटणी साधायची, कळीवर जाळीची टोपी चढवायची, म्हणजे फेब्रुवारीत २०-२० फुलांचे बंच बांधून गाडी भरता येते. फूल देखणं, डागाचं नाव नाही. नाकाशी धरावं तर वास जवळजवळ नाहीच.

या जाती निवडल्या गेल्या त्या दांडीची लांबी, पाकळीचा जाडपणा आणि फुलदाणीत टिकण्याचे दिवस पाहून. सुगंध त्या निवडीत मागे राहिला. शेतकऱ्याला बोल लावता येत नाही. बाजार दांडी मोजूनच पैसे देतो.

हे बिनवासाचं फूल पाहिलं की मला वास बाटलीत भरणारा पॅरिसचा पॉल प्वारे आठवतो. बायकांना कॉर्सेटच्या काचातून सोडवणारा हा वस्त्रकार. १९११ साली त्यानं ‘रोझीन’ नावानं अत्तरांची पेढी काढली. कपड्यांच्या पेढीनं स्वतःचं अत्तर काढण्याची प्रथा तिथून सुरू झाली असं मानतात. बाटलीवर त्यानं स्वतःचं नाव घातलं नाही. रोझीन ही त्याची लेक. एवढ्यासाठीच मला तो माणूस फार आवडतो. दहा वर्षांनी, १९२१ मध्ये, कोको शनेलनं मात्र आपलं नाव घातलं आणि ‘नंबर ५’ जगभर गेलं. ते रचलं एर्नेस्ट बो या अत्तरकारानं. बाटलीवर त्याला जागा मिळाली नाही. प्वारेकडे काम केलेल्या आंरी अल्मेराचंही तेच झालं. १९३० साली त्यानं झां पातू या कपड्यांच्या पेढीसाठी ‘जॉय’ हे अत्तर रचलं. औंसभर अत्तराला २८ डझन गुलाब आणि जाईची १०,६०० फुलं लागतात, असं ती पेढी अभिमानानं सांगे. मोहाडीच्या हिशेबात हे गुलाब १७ बंच भरतील. पण त्या १७ बंचांतून ‘जॉय’चा गुलाब निघायचा नाही.

आपल्याकडे १९२२ साली मुंबईत एस. एच. केळकर आणि कंपनी उभी राहिली. दुसऱ्यांच्या मालासाठी सुगंध रचणारी ही मराठी माणसांची पेढी. साबणाच्या वेष्टनावर साबणवाल्याचं नाव असतं. वास कुणी रचला, हे अभ्यंगस्नानाच्या पहाटेही कुणाच्या मनात येत नाही. मुलुंडच्या वझे-केळकर महाविद्यालयात सुगंधद्रव्यांचा अभ्यासक्रम आहे. गाण्याखाली संगीतकाराचं नाव येतं, मग तिथं शिकून गंध जुळवणाऱ्या मुलीचं नाव का येऊ नये? मला हा अन्याय वाटतो.

गावठी गुलाब अजून आहे. हारासाठी, गुलकंदासाठी तो वजनावर विकला जातो. पाकळ्या लवकर गळतात, दांडी आखूड, पण टोपलीजवळून जाताना पाऊल थबकतंच. उद्या एखाद्या मराठी डिझायनरला स्वतःच्या नावाचं अत्तर काढावंसं वाटलं, तर त्यानं आधी मोहाडीला यावं. पॉलिहाऊसच्या कडेचे दोन गुंठे या गावठी गुलाबासाठी मागून घ्यावेत, भाव वासावर ठरवावा, आणि बाटलीवर आपल्या सहीशेजारी अत्तरकाराचीही सही घ्यावी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.